वारा मोजायच्या वाट्या

वहिनी,

काल तुझी तेरवी झाली. वरण जमलं होतं, वांग्याची भाजी मात्र अळणी होती. तू असतीस तर आचाऱ्याला चुलीपुढून उठवून स्वतः फतकल मारून बसली असतीस, आणि नंतर त्यालाच आधी वाढलं असतंस. आज सकाळी पुष्पा सासरी जैनथला परत गेली. तुझीच लेक ती, जाताना रडली नाही. घराची किल्ली माझ्या हातात ठेवली, कोंबड्यांना दाणे टाकायची आठवण दिली आणि ऑटोत बसली. आता ओसरीवर मी एकटा आहे. माझी आदिलाबादच्या ऑफिसातली अजून दोन दिवस रजा आहे आणि तुझ्याशी बोलायचं बरंच राहून गेलंय.

तू मला कधी एकेरी हाक मारली नाहीस. लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, नाक पुसायची अक्कल नव्हती, पण नवऱ्याचा धाकटा भाऊ म्हणून पहिल्या दिवसापासून ‘भाऊजी’ आणि ‘तुमी’ झालो. “भाऊजी, तुमी शाळेत जाता का देऊ एक ठेवून?” असं तुझं मान देणं. आई तोवर गेलेली होती. मी मात्र तुला पहिल्या दिवसापासून अगंतुगं करत आलो. दादा एकदा त्यावरून मला रागावला, तर तू त्यालाच म्हणालीस, “राहू द्या जी, एकजण त घरात मले माणसावानी हाक मारते.”

तू गेल्याचं मला आपल्या घरच्या फोनवर कळलं नाही. कसं कळणार? या घरातून फोन करणारी तूच होतीस. पाटलाचा मुलगा मोटारसायकलवर गुडीहत्नूरच्या फाट्यापर्यंत आला, तिथं रेंज मिळाल्यावर त्यानं मला फोन लावला. तो बोलत होता, मागं हायवेवरच्या ट्रकांचे भोंगे वाजत होते, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आज वाऱ्याचा आवाज का नाही.

तुझ्या प्रत्येक फोनमध्ये वारा असायचा. आपलं गाव डोंगराच्या ओंजळीत, तिथं मोबाइलला रेंज कुठली! ती मिळायची फक्त वर खिंडीत, आपल्या खळ्यावर. दर रविवारी जेवणं आटोपली की तू पदर खोचून वर चढायचीस आणि मला फोन लावायचीस. मी म्हणायचो, “वहिनी, वारा फार येतोय, काही ऐकू येत नाही, जरा खाली उतर.” तू ओरडून म्हणायचीस, “खाली उतरली त तुमी तुटता!” मग आपण दोघंही ओरडून ओरडून कापसाबद्दल, पुष्पाच्या सासूबद्दल, माझ्या बीपीच्या गोळ्यांबद्दल बोलायचो. माझी बायको हसायची, म्हणायची, तुमची वहिनी काय समुद्रातून बोलते का?

त्या खळ्याबद्दल मी कधी फार विचार केला नव्हता. डोंगराच्या दोन सोंडांमधली अर्ध्या एकराची ती खडकाळ सपाटी. जमिनीच्या पट्ट्यात, म्हणजे मालकीच्या कागदात, आधी दादाचं आणि माझं नाव, दादा गेल्यावर तुझं आणि माझं. तिथं पिकत काहीच नाही. पण दुपार कलली की खिंडीतून असा एकसारखा वारा सुटतो, की आपल्या आजोबांच्याही आधीपासून गावाची उपणणी तिथंच. आता मशीन आलं. ज्वारी, तूर, सोयाबीन सगळं मशीनच्या एका तोंडातून जातं आणि दुसऱ्या तोंडातून निघतं. तरी पुढच्या पेरणीचं बियाणं मशीनमध्ये घालायचं नाही, ते काठीनं बडवायचं आणि खिंडीतल्या वाऱ्यावर उपणायचं, हा गावाचा नेम, कुणी मोडला तरी तू सोडला नाहीस. मशीन दाणा फोडते म्हणायचीस. फुटका दाणा खायला चालतो, पेरायला चालत नाही.

आणि त्या खळ्यावरचा तो दुसरा नेम. उपणता उपणता वारा थांबला तर ‘वारा पडला’ असं कुणी म्हणायचं नाही. सूप खाली ठेवायचं, जागच्या जागी बसायचं आणि वारा परत येईतो तोंडातून एक शब्द काढायचा नाही. लहानपणी मी एकदा “पडला, पडला” म्हणून नाचलो होतो, तर तू माझ्या तोंडावर हात ठेवलास आणि कानात म्हणालीस, “पडला नाई. पाणी प्याले गेला. कोनी गडबड केली त मंग तिकूनच घरी जाते.” मी ते कितीतरी वर्षं खरं मानलं. इंजिनिअरिंगला गेल्यावर सोडलं.

मग ती माणसं आली. तीन वर्षं झाली असतील. जीपमधून उतरलेली चांगली, गोडबोली माणसं. तू त्यांना ज्वारीची भाकर आणि पिठलं वाढलंस. त्यांनी विचारलं, “आजी, इधर हवा कहाँ ज्यादा रहती?” आणि तुझ्या खिंडीतल्या वाऱ्याची कुणी इतक्या अदबीनं चौकशी केलेली नव्हती ना! तू त्यांना वर घेऊन गेलीस. कुठल्या महिन्यात वारा कुठून येतो, किती वाजता सुटतो, आभाळ असलं की किती उशीर करतो, सोंडेच्या कोणत्या दगडापाशी तो सगळ्यात सरळ असतो, सगळं सांगितलंस. त्या दगडाशेजारीच त्यांनी तारांनी ताणलेला तो बारीक उंच खांब उभा केला. अख्ख्या गावाला वाटलं मोबाइलचा टॉवर आला. सरपंचानं नारळ फोडला. शाळेच्या पोरांना साखर वाटली. दुसऱ्या गावात कुणी असं केलं असतं तर आपण हसलो असतो, पण रेंजसाठी डोंगर चढून चढून ज्यांचे गुडघे गेले त्यांना कुठलाही खांब टॉवरच दिसणार.

तू मला फोन केलास, वाऱ्यात ओरडून. “भाऊजी, आपल्या खळ्यावर टावर येऊन राह्यला! आता मी चुलीजवळ बसून तुमच्यासंग बोलीन!”

त्या दिवाळीला मी आलो. दुसऱ्याच दिवशी तू मला कौतुकानं वर घेऊन गेलीस. मी मान वर करून पाहिलं. खांबाच्या टोकाला तीन छोट्या वाट्या गरगर फिरत होत्या. वीज खात्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, वहिनी. त्या वाट्या कशाच्या ते मला एका नजरेत कळलं. वारा मोजायच्या वाट्या त्या. जिथं पवनचक्क्या उभ्या करायच्या तिथं आधी एक-दोन वर्षं असा खांब लावून वारा मोजतात.

तू विचारलंस, “ह्या वाट्या काऊन फिरते जी वर?”

मी म्हणालो, “नव्या टॉवरला असतात तशा.”

एवढंच. इतक्या वर्षांत तुझ्याशी बोललेलं ते माझं एकमेव मोठं खोटं. लहान खोटी पुष्कळ बोललो, ती तू मोजलेलीही असशील. हे का बोललो, ते मी गेले दोन आठवडे स्वतःला विचारतोय. एक कारण असं, की तुझा चेहरा इतका खुललेला होता की माझी जीभ रेटेना. हे खरंच आहे. पण सगळं खरं नाही. ऑफिसात त्या कामाची कुजबुज मी ऐकली होती. या डोंगरावर पंखे आले तर पायथ्याशी नवं सबस्टेशन होणार होतं आणि त्या कामावर माझं नाव लागायची शक्यता होती. शिवाय मला ती चांगली गोष्ट वाटत होती. कोळशाचा धूर नाही, राख नाही. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर ही बाई उद्या सकाळी खांब उपटून टाकेल. म्हणून मी मूग गिळून बसलो.

मग वर्षभरानं पंचायतीत ती सभा झाली. माणसं आली, भिंतीवर नकाशा लावला. आपल्या डोंगराच्या दोन्ही सोंडांवर पवनचक्क्यांचे लाल ठिपके होते आणि एक जाड रेघ आपल्या खळ्यातून वर गेलेली होती. एकेक पातं एवढं लांब, की ते वाहून न्यायला रुंद रस्ता हवा, वळणं चालत नाहीत, त्यामुळे खिंड सुरुंग लावून कापावी लागेल, असं त्यांनी अगदी नम्रपणे समजावून सांगितलं. वरचं गायरान बंद होणार होतं. जिथं आपली आणि पलीकडच्या गोंडांच्या गुड्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गुरं पाणी पितात, तो झरा सुरुंगानं राहील की आटेल, हे त्यांनी तपासलेलंच नव्हतं. कुणीतरी चिडून विचारलं, हीच जागा कशी सापडली तुम्हाला? तेव्हा तू उठलीस.

“मी दाखवली,” म्हणालीस. “वारा कुटं हाय, तेबी मीच सांगतलं. टावर समजून सांगतलं, पन सांगतलं मीच.”

मी शेवटच्या रांगेत होतो. त्या दिवशी मी उठून म्हणू शकलो असतो, की तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. वेळेवर सांगितलं असतं तर गावानं पहिल्या वर्षीच ‘नाही’ म्हटलं असतं. मी बुटाच्या टोकाकडे बघत बसलो. नंतर कितीतरी दिवस बायका विहिरीवर म्हणायच्या, इंदूबाईच्या तोंडानं डोंगर गेला. तू ऐकून घेतलंस. सोमबाई, तुझी गुड्यावरची मैत्रीण, तीसुद्धा दोन महिने आपल्या उंबऱ्याला आली नाही. आणि मी आदिलाबादला पंख्याखाली बसून फायली हलवत होतो.

तेव्हापासून आपली भांडणं सुरू झाली. रविवारच्या फोनवर, वाऱ्यात. मी म्हणायचो, “वहिनी, वीज तर लागते ना? घरात मिक्सर आहे, टीव्ही आहे, मोटार आहे.” तू म्हणायचीस, “लागते ना. मी कवा नाई म्हटलं? आपल्या मागं त्या बोडख्या टेकड्या हायेत, तिथं ना झाड ना झरा. तिथं लावा.” मी म्हणायचो, तिथं वारा कमी आहे, वीज कमी बनेल. त्यावर तू एकदा विचारलंस, “थोडी कमी बनवली त चालत नाई का?” मी हसलो आणि विषय बदलला. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. माझ्या खात्यात तो प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि ते वारा खाण्याचं भांडण! तू म्हणालीस, हे पंखे वारा खाऊन टाकतील, मागं खळ्यापर्यंत काही उरणार नाही. मी पोट धरून हसलो. म्हणालो, “अगं, पंखा काही वारा खात नाही, नुसता फिरतो.” तू शांतपणे म्हणालीस, “खात नाई? मंग वीज कायची बनते?” मी फोन ठेवल्यावर बायकोलाही तो विनोद म्हणून सांगितला. मग त्या रात्री जेवताना घास हातातच राहिला. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकलो होतो, की काहीच फुकट तयार होत नाही. वाऱ्यातला जोर काढून घेतला की मागचा वारा तेवढा मंदावतो, पुस्तकात तशी आकृतीसुद्धा होती. किती मंदावेल, खळ्यापर्यंत कमी पडेल का, ते मला सांगता आलं नसतं. पण मुद्दा तुझा बरोबर होता, वहिनी. हे मी तुला कधी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सांगू, असं करत करत पन्नास रविवार गेले.

मी आजही म्हणतो की पवनचक्की ही वाईट वस्तू नाही. तू समोर असतीस तर म्हणाली असतीस, “वस्तू कोनतीच वाईट नसते भाऊजी, ठेवाची जागा पाहा लागते.” हे तुझं वाक्य मी तयार केलंय, माफ कर. पण तू याच्यापेक्षा चांगलं बोलली असतीस याबद्दल माझी खात्री आहे.

मागच्या वर्षीच्या पाहणीचा दिवस तर विसरणं शक्यच नाही. कागदावर आपलं खळं ‘बंजर’ म्हणून चढलेलं होतं. म्हणजे वापरात नसलेली जमीन, तिच्यातून रस्ता न्यायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. ते खरं आहे का, हे बघायला अधिकारी येणार होते. तू घरोघर फिरलीस. ज्यांनी आजवर बियाणं मशीनमधून काढलं त्यांनाही म्हणालीस, या वर्षी खळ्यावर या. सोमबाई गुड्यावरच्या बायका घेऊन आली, तेव्हाच तुमचा अबोला सुटला. चाळीसेक बायका सुपं, टोपल्या, पोती घेऊन खिंडीत, आणि ऐन जीप यायच्या वेळेला वारा थांबला.

त्या जीपमध्ये मी होतो. वीज खात्याचा माणूस म्हणून फाईल घेऊन. तू मला पाहिलंस. तांब्या घेऊन पुढं आलीस, अधिकाऱ्यांना पाणी दिलंस आणि मग माझ्यापुढं पेला धरून म्हणालीस, “घ्या, सायेब.”

मी पेला रिकामा करून तुझ्या हातात दिला.

तू परत जाऊन बसलीस. कुणीच बोलत नव्हतं. चाळीस बायका सुपं मांडीवर घेऊन बसलेल्या, लेकरंसुद्धा गप्प. अधिकारी भला माणूस होता, वारंगळकडचा. त्याला वाटलं हे मौन आंदोलन आहे. त्यानं आधी तेलुगूत विचारलं, मग हिंदीत विचारलं. कुणी हू का चू केलं नाही. तो गोंधळून मला म्हणाला, “ये लोग कुछ बोलते क्यूँ नहीं?” आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “सर, हवा पानी पीने गयी है.” तो माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याला सगळा नेम समजावून सांगितला, अगदी हळू आवाजात, कारण खळ्यावर जोरात बोलायची माझीही हिंमत नव्हती. त्यानं बूट काढले आणि दगडावर बसला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग सोंडेवरचं गवत वाकलं, आणि चाळीस बायका एकदम उठल्या. चाळीस सुपं वर गेली. सगळा भुसा थेट साहेबांच्या अंगावर, फायलीवर, माझ्या चष्म्यावर. साहेब शिंकत शिंकत हसायला लागला. त्यानं ‘बंजर’ खोडून ‘वापरात’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं.

खाली उतरताना तू माझ्या शर्टावरचा भुसा झटकलास. म्हणालीस, “आज बरं बोलले तुमी.”

तेवढ्यानं काम संपलं नव्हतं. पवनचक्कीवाल्या कंपनीनं डाव बदलला. खळं वापरात असलं तरी पट्टेदारांनी राजीखुशीनं रस्ता दिला तर कुणाची हरकत? पट्टेदार दोन. तू ‘नाही’ म्हणून अंगठा न देता सहीनं लिहून दिलंस, वाकड्या अक्षरात, मीच तुला शिकवलेल्या. माझ्यापुढं कागद आला तेव्हा मी म्हणालो, बघतो. सहा महिने तो कागद माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. तू एकदाही विचारलं नाहीस. मी एकदा स्वतःच विषय काढला तर म्हणालीस, “हात तुमचा हाय, सही तुमची हाय. मी काय सांगू?” इतकी भांडकुदळ बाई, नेमकं इथंच तू भांडली नाहीस. मला त्याचा राग यायचा. तू ओरडली असतीस तर मला ‘नाही’ म्हणणं सोपं गेलं असतं, किंवा ‘हो’ म्हणणंसुद्धा.

आणि मग या फाल्गुनात तू बियाण्याची ज्वारी बडवून खळ्यावर रास घातलीस, उपणायला घेतलीस, अर्ध्यात वारा थांबला. सोमबाई सांगत होती, तू रास ताडपत्रीनं झाकलीस आणि म्हणालीस, “घरून पाणी पिऊन येतो. वारा आला त आवाज द्या.” घरी येऊन माठातलं पाणी प्यालीस, ओसरीवर आडवी झालीस. तासाभरानं वारा आला, त्यांनी आवाज दिला. तू उठली नाहीस.

परवा रात्री पुष्पा आणि मी तुझे कपडे आवरत होतो. माझ्यानं राहवलं नाही. मी तिला त्या दिवाळीचं, त्या वाट्यांचं सगळं सांगितलं. तिनं घडी घालायचं थांबवलं नाही.

“आईले मालूम होतं,” म्हणाली.

“काय मालूम होतं?”

“तुमी खोटं बोलून राह्यले, हे. तवाच घरी येऊन बोलली. म्हणे, भाऊजी खोटं बोलले की डावा कान खाजवते, लहानपणापासून. आज वर उभं राहून कान लाल करून टाकला.”

मी विचारलं, मग सभेत तिनं सगळं स्वतःवर का घेतलं? माझं नाव का नाही घेतलं?

पुष्पा म्हणाली, “मीबी हेच इचारलं होतं, काका. त म्हणे, ते सवताहून सांगतीन. थांबाचं. गडबड केली त तिकूनच घरी जाते.”

वहिनी, म्हणजे तीन वर्षं तू खळ्यावर बसल्यासारखी माझ्यासमोर गप्प बसून होतीस. मी नुसता कचेरीत फायली हलवणारा, आणि तू माझी वाट पाहत होतीस. हे ऐकल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो. इतक्या मोठ्या वयाचा माणूस. मला तुझी माफी मागायची आहे, आणि ती कुणाकडे मागायची हे कळत नाही.

*

काल इथपर्यंत लिहून थांबलो होतो.

आज सकाळी उठून गुडीहत्नूरला गेलो, तहसील कचेरीत. तिथल्या बाकावर बसून एक दरखास्त लिहिली. खळं वापरात आहे, गावाचं बियाणं इथंच उपणलं जातं, रस्त्याला माझी संमती नाही. पुष्पाचं नाव पट्ट्यावर चढायचं आहे, तिचीही नाही. आणि खाली आणखी चार ओळी लिहिल्या: वारा मोजायचा खांब लावला तेव्हा गावकऱ्यांना तो मोबाइलचा टॉवर वाटत होता, मी वीज खात्यात नोकरीला असल्यानं मला खरं माहीत होतं, आणि विचारल्यावर मी खोटं सांगितलं. कारकुनानं ते वाचलं. माझ्याकडे पाहून म्हणाला, “साब, ये नीचे का लिखना जरूरी है क्या? नोकरी का मामला है.” मी म्हणालो, जरूरी है. त्यानं खांदे उडवले आणि शिक्का मारला. डोंगर वाचेल की नाही, मला ठाऊक नाही. खिंड सोडून दुसरीकडून रस्ता काढायला ते मोकळे आहेत. पण आपल्या खळ्यातून नाही.

दुपारी वर गेलो. सोमबाई आणि आणखी सहा-सात जणी तुझ्या राशीपाशी बसल्या होत्या. तुझ्या माणसाशिवाय तुझ्या राशीला हात लावायचा नाही म्हणून थांबलेल्या. मी त्यांनाही सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. मग सोमबाई म्हणाली, “आमाले वाटलंच होतं,” आणि माझ्या हातात सूप दिलं.

मला नीट उपणता आलं नाही. मी सूप हलवतो, तू म्हणायचीस तसं वाऱ्याला काम करू देत नाही. तरी दाणा पायाशी पडत गेला आणि भुसा तिकडं उडत गेला. एकदा वारा थांबला, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी खाली बसलो. उन्हं उतरायच्या आत तुझी रास झाली. दीड पोतं बियाणं, वहिनी, एकही दाणा फुटलेला नाही.

मग तिथूनच पुष्पाला फोन लावला. कचेरीतलं सांगितलं, दरखास्तीचं सांगितलं, शेवटच्या चार ओळींचंही सांगितलं. ती पलीकडून ओरडत होती, “काका, काईच ऐकू येऊन नाई राह्यलं! वारा लई हाय! जरा खाली उतरून बोला ना!”

मी पण ओरडलो, “खाली उतरलो त तू तुटते!”

ती रडली की हसली, ते वाऱ्यात मला नीट कळलं नाही. पण तिनंही फोन ठेवला नाही आणि मीही खाली उतरलो नाही.